गाडीला ओढ पाहिजे

बोलणं मराठीतून कन्नडात गेलं, की रूपाली समजायची, आता खरं बोलणं सुरू झालं. चहा, पाणी, लाईट गेली, कुणाची सोयरीक जुळली, कोण आजारी पडलं, हे सगळं मराठीत. तिच्यासाठी म्हणून. उदगीरची पोर, लिंगायत असली तरी माहेरी नुसती मराठी. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सासरची माणसं तिच्याशी मराठीच बोलत आली होती. चांगुलपणाच तो, नावं ठेवायला जागा नाही. पण पाहुण्याला पाट द्यावा तसा तो दिलेला, आणि चौदा वर्षं झाली तरी कुणी म्हटलं नाही की बाई, आता उठ आणि आमच्यात खाली बस. पाटावर बसून बसून पायाला मुंग्या येतात, हे पाट देणाऱ्याला कसं कळावं?

त्या रविवारी बोलणं कन्नडात जायला फार वेळ लागला नाही. धाकटा दीर किरणकुमार हैदराबादहून सकाळीच आला होता, तो खास गाडीसाठी. जुना पिकप मागच्या आठवड्यात जहिराबादच्या रस्त्यात आडवा झाला. अद्रकाची पोती भरलेली, आणि इंजिन जाम. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, डोकं बाहेर काढलं आणि फडक्याला हात पुसत बसला. डॉक्टरने नाडी सोडावी तसंच ते. पिकप भंगारात गेला. आता नवा घ्यायचा हे ठरलं होतं. कंपनी ठरली होती, रंगसुद्धा ठरला होता. बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीत हायवेला घर, समोरून रोज हजार गाड्या जातात, त्यातून पांढराच बरा दिसतो असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. या घरात एकमत व्हायला रंगच मिळाला होता.

राहिलं होतं इंजिन. डिझेलचं की ग्यासचं.

डिझेलची गाडी मोठी, लोड जास्त घेणारी, हैदराबाद म्हणा, पुणं म्हणा, कुठंही जाणारी. ती घेतली तर रूपालीचा नवरा महेशकुमार आठवड्यातले बरेचसे दिवस बाहेर राहणार. ग्यासच्या गाडीला बॉडीखाली टाक्या, लोड कमी, आणि जिथं ग्यासचा पंप तिथंच तिचं राज्य. जहिराबाद, हुमनाबाद, फार तर कलबुर्गी. दिवस मावळायला गाडी दारात. म्हणजे बघा, इंजिन कुठलं घ्यायचं यावर महेश रात्री कुठं झोपणार हे ठरणार होतं. पण बोलायचं सगळ्यांनी मायलेजबद्दल.

रूपालीला ग्यास पाहिजे होता. लेक जूनपासून बीदरच्या हॉस्टेलला गेली, आणि तेव्हापासून या घरात दिवस ढकलावा लागत होता. सासरे टीव्हीपुढं. सासूला दुपारी शेजारच्या कमलम्मा यायच्या, दोघींच्या कन्नडात गप्पा रंगायच्या, मध्येच एकीला तिची आठवण व्हायची आणि ती मराठीत विचारायची, "रूपाली, भाजी काय करायलीस ग?" तेवढंच. संध्याकाळी महेश यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा. फार बोलायचा नाही. पण एक माणूस आला, आपल्यासाठी आला, एवढं तरी होतं. तेही गेलं तर काय, या विचाराने आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

तिची सगळी मदार सासऱ्यांवर. गुरुशांतप्पा ग्यासच्या बाजूने होते.

"अप्पा, तुमी ह्यो व्हिडिओ तरी बघा," किरण मोबाईल पुढं करत होता. "डिझेलचं इंजिन कसं ओढतंय बघा. माझ्या वळखीचा व्यापारी हाय तिकडं. अद्रक, टमाटे, कायबी आना म्हनतोय. गाडी रिकामी ऱ्हानार न्हाई."

"मोबाईल बघून बैल घेनारा पैलाच बघायलोय मी," गुरुशांतप्पांनी कपाळावरची विभूती सांडू नये म्हणून मान न हलवता सांगितलं. "ग्यासच बरा. जवळचं काम, खर्च कमी. सांजच्याला पोरगं घरी. माझे गुडघे आता रानात जाऊ देत न्हाईत. मानूस पायजे की घरात."

रूपालीने चहाचा ट्रे खाली ठेवला. ट्रे हातात असला की बोलायला बळ येतं, म्हणून ती ठेवता ठेवताच बोलली.

"अप्पा बराबर म्हनायलेत. ग्यासचा आवाज बी कमी असतोय. धूर न्हाई. आन डिझेलच्या गाडीला काय कमी खर्च हाय व्हय? जरा बिघडलं की मिस्त्रीबी शहरातलाच लागतोय."

किरण हसला. "वैनी, तुमाला इंजिनातलं कधीपसनं कळायला लागलं?"

"चौदा वर्सं ह्यांचे डिझेलचे कपडे धुतलेत, भावजी. वासावरनं बिघाड सांगते."

गुरुशांतप्पा मोठ्याने हसले. महेश हसला नाही. तो उंबऱ्याला टेकून बसला होता, बशीतला चहा निवत होता, आणि त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ग्यासच्या गाडीला ओढ नसती."

"म्हंजे?" रूपाली म्हणाली.

"लोड टाकला की चढाला दम खाती. खालच्या गेरात घ्यावं लागतंय."

"जहिराबादच्या रोडला असा कुठला चढ हाय?"

"लांब जायचं म्हनल्यावर लागतोय की."

"आन लांब न्हाई गेलं तर?"

महेशने बशी तोंडाला लावली. "गाडी घ्यायची म्हनल्यावर," तो म्हणाला, "ओढ तर पायजेच."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. नवराबायको गाडीवर बोलतायत, बोलू द्या. पण रूपालीला 'ओढ' हा शब्द लागला. हा गाडीचंच बोलत होता, तिला माहीत होतं. तरीपण हा शब्द त्याने तिच्याकडे न बघता उच्चारला होता. ओढ असती तर चढ कुठं आहे हे याने मोजत बसलं असतं का?

आणि मग सासूबाई, यल्लम्मा, बोलल्या. कन्नडातून.

सासूबाईंचं एक होतं. सगळे भांडून थकेपर्यंत त्या तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसायच्या आणि मग असं एखादं वाक्य टाकायच्या की पुढं कुणाला बोलायला जागा नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "किरण तिथं एकटा राहतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे तुमच्या लक्षात आहे ना? बायको माहेरी जाऊन वर्ष होईल. पोरगं हॉटेलचं खातं, रिकाम्या खोलीत येऊन पडतं. थोरला आठवड्यातून चार दिवस त्याच्याकडे थांबला, तर भावाला भाऊ होईल. एकटं राहून माणूस वाया जातं. तुम्हाला गाडीचं मायलेज दिसतं, मला माझं लेकरू दिसतंय."

किरण मोबाईलकडे बघत राहिला. गुरुशांतप्पांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत घातला. धाकट्याची बायको निघून गेली ती गुरुशांतप्पांच्याच एका कडक शब्दाने, हे घरात कुणी बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे. यल्लम्मांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"मग डिझेल घ्या," ते कन्नडात म्हणाले. "माझं काय. गुडघे काय, दुखायचेच."

झालं. आभाळाएवढी मदार, अशी बसल्या बैठकीला कोसळली. रूपाली रिकाम्या कपबशा गोळा करत होती. तिला शब्दन् शब्द कळला होता. एकटं राहून माणूस वाया जातं, हे सासूबाईंना माहीत आहे तर! मग या घरात आणखी कोण एकटं आहे, याची त्यांना शंकाही येऊ नये? तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अव्वा, मी बी हाय की हितं. पण तेवढ्यात यल्लम्मा तिच्याकडे वळल्या आणि मराठीत गोड म्हणाल्या, "रूपाली, डिझेलचं ठरलं बघ. किरणला पुंडीची भाजी आवडती, तेवढी टाक."

पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन दोघे भाऊ अद्रकाचं रान बघायला गेले. शोरूमला संध्याकाळी सांगू म्हणाले. सासरे लवंडले, सासू कमलम्मांकडे गेल्या. महेशचा फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला होता, आणि तो वाजला.

रूपालीने उचलला. शोरूमचा शरणबसव. कन्नडात भडाभडा बोलत सुटला. अप्पांनी मागं ग्यासचं विचारलं होतं, ग्यासची एक पांढरी गाडी आजच उतरलीय, डिझेलची हवी तर थांबावं लागेल, दुसरं गिऱ्हाईक समोरच बसलंय. "ग्यास बेकेन्री, अक्का? फायनल माडली?"

ग्यास पाहिजे का, ताई? फायनल करू?

चौदा वर्षांत या घरातला कुठलाही प्रश्न असा सरळ तिच्या उत्तरावर येऊन थांबला नव्हता. सासरे घोरत होते. बाहेर हायवेला एक ट्रक हॉर्न देत गेला. तिने आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी दुसरीच बाई उत्तर देणार आहे.

"बेकु," ती म्हणाली. "माडरी." पाहिजे. करा.

फोन तिने परत चार्जिंगला लावला. असं धाडस तिने जन्मात केलं नव्हतं. माहेरीसुद्धा नाही. ती उगाच दोनदा ओटा पुसून आली.

भाऊ परतले तेव्हा फोनवर मेसेज येऊन पडला होता. अभिनंदन, तुमची ग्यासची गाडी बुक झाली. किरणने तो मोठ्याने वाचला, परत एकदा वाचला, आणि ओसरी डोक्यावर घेतली.

"कुनी सांगितलं ह्याला ग्यास म्हनून? अप्पा, तुमी?"

"मी झोपलतो रे बाबा."

"फोन मी उचललता," रूपाली म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता कसं होईल? आणि तिच्या तोंडून आपोआप, तयारी केल्यासारखं बाहेर पडलं, "त्यो म्हनला, ग्यास बेकेन्री. मला वाटलं सिलेंडरवाला हाय. आपला ग्यास संपत आलाय न्हव का? म्हनलं, बेकु."

कमलम्मांकडून परतलेल्या यल्लम्मांना हसू आवरेना. डोळ्यांना पदर लावून त्या हसल्या. "अगबाई ग! सिलेंडर! ऐकलं का हो? ही लगीन होऊन आली तवा मी 'हौद, हौद' म्हनले. म्हनजे व्हय, व्हय म्हनले मी. तर ही घागर घेऊन गेली की हौदाकडं पानी भरायला! चौदा वर्सं झाली, तशीच हाय बघा येडी." गुरुशांतप्पाही हसले. हौदाची गोष्ट पाहुण्यांना, व्याह्यांना, अख्ख्या गावाला सांगून झाली होती. एकदा तर चिटगुप्प्याच्या बाजारात एका अनोळखी बाईने रूपालीला विचारलं होतं, हौदाची सून तूच का? त्या गोष्टीचा तिला मनस्वी संताप यायचा. आज त्याच गोष्टीने तिला पदराखाली घेतलं होतं. आपणच आपल्याला येडी ठरवलं, आणि सुटलो. तिलाही हसावं लागलं.

"हसायलात काय?" किरण चिडला. "आत्ता बदलून टाकतो." त्याने फोन कानाला लावला.

"असू दे की ग्यास," गुरुशांतप्पा एकदम म्हणाले. मनातून त्यांना तेच हवं होतं, आणि आता ते आयतं आलं होतं. "शिवाच्याच मनात असंल."

"शिवाला पिकप चालवायचा न्हाई, अप्पा!"

"किरण." महेशने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे. मी बघतो."

एवढंच म्हणाला तो, पण रूपालीला वाटलं, आपण उडून छताला लागू. राहू दे म्हणाला! सगळ्यांसमोर म्हणाला. ती भांडी घेऊन मागच्या अंगणात गेली आणि राखेने तवा घासता घासता गुणगुणायला लागली. किती दिवसांनी. दिवस कलला होता, चिंचेच्या सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. महेश मागं येऊन उभा राहिला तेव्हा तिला तो आल्याचं कळलंसुद्धा नाही.

"रूपा, खरं सांग. सिलेंडरवाला वाटला व्हय तुला?"

तिचा हात थांबला.

"त्या दिशी भाजीवालीसंग तू कन्नडात असली भांडलीस की तिनं वजनाचा काटा बदलला," तो म्हणाला. "तुला समदं येतंय. माझ्यापेक्षा चांगलं येतंय."

"मंग सगळ्यांम्होरं कामून न्हाई सांगितलंत?"

"हसले की लोकं तुला. तेवढं बास झालं."

याच्या अशा एकेका वाक्यावर ती वर्षं काढत आली होती. त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. फोन हातात होता. "गाडी आजच्या आज बदलता येती. शरणबसवला मी सांगतो काय ते. पन आधी तू सांग. आता हितं कुनी न्हाई. डिझेल घेऊ, का नको? मी जाऊ, का नको? इंजिनाचं ऱ्हाऊ दे. तुझं सांग."

सरळ प्रश्न. सकाळपासूनचा दुसरा. आणि उत्तर जिभेवर तयार होतं, फार लहान उत्तर, लेकराला येईल असं. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. सासूबाई आत कपाट लावत होत्या. आणि चौदा वर्षं कुणीही काहीही विचारलं, साडी कुठली, दवाखाना कुठला, पोरीला हॉस्टेलला टाकायचं का घरी ठेवायचं, तरी रूपालीच्या तोंडातून एकच वाक्य जायचं. तेच गेलं.

"तुमच्या मनाला यील ते."

म्हणून ती वर बघते, तर महेशचा चेहरा सैल झालेला. ओझं उतरवलेल्या हमालासारखा त्याने श्वास सोडला. त्याला हेच उत्तर पाहिजे होतं. विचारलं त्याने मनापासून, यात खोट नव्हती. पण 'नको' आलं असतं तर त्याला राहावं लागलं असतं, आणि राहायचं त्याच्या मनात नव्हतं. या अंगणाचा, या जेवणाचा, न बोलता संपणाऱ्या संध्याकाळींचा त्यालाही कंटाळा आला होता. रस्त्यावर निदान समोर काहीतरी येत राहतं. हे सगळं तिला त्या एका श्वासात कळलं.

"बरं," तो म्हणाला. दोन पावलं चिंचेकडे गेला आणि नंबर लावला. "शरणबसव, नानु महेश री. डीझेल्ले इरलि री. हां, डीझेलच असू दे. थांबतो की. चलेगा."

फोन खाली आला. रूपाली उठून उभी राहिली होती. राखेचे हात तसेच, तवा पायाशी.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"जाऊ नका म्हनायलेय." आवाज फुटला, खिडकीपर्यंत गेला, गेला तर गेला. "मला करमत न्हाई. पोरगी गेल्यापसनं ह्या घरात माझ्यासंग बोलनारं कुनी न्हाई. अव्वाला किरणभावजी एकटे दिसत्यात. मी कुनालाच दिसत न्हाई. तुमी बोलत न्हाईत, तर न्हाई, पन यिताव तरी. सांजच्याला दाराकडं बघायला कायतरी ऱ्हातंय. तुमी बी गेल्यावर मी कुनाकडं बघू?"

इतकं ती लग्नापासून कधी बोलली नव्हती. आत कपाटाची खडबड थांबली होती. महेश उभाच राहिला.

"आता कामून सांगायलीस?" तो हळू म्हणाला. रागाने नव्हे. दमल्यासारखा. "आत्ताच तर इच्यारलं तुला."

हातातल्या फोनची काच अजून उजळलेली होती. शरणबसवचं नाव वरच होतं. एक बोट टेकवायचं काम. ग्यासची गाडी अजून शोरूममध्येच होती, पलीकडचा माणूस अजून फोनजवळच होता. बदलाबदली आज एकदा झाली होती, आणखी एकदा झाली असती. त्यालाही ते ठाऊक होतं आणि तिलाही. दोघंही त्या उजेडाकडे बघत राहिले.

काच काळी झाली. महेशने फोन सदऱ्याच्या खिशात टाकला.

"सकाळी लवकर उठीव मला," तो म्हणाला. "शोरूमला पैसे भरायला जायचंय."

"उठीवते," रूपाली म्हणाली.